कळतं पण वळत नाही : 'नेव्हरदलेस'चा शेवट पटतो का?

सायंतारा

(आधीच सांगते, या धाग्यात शेवट उघड होणार आहे. पाहायची असेल तर दहा भाग संपवून या.)

'नेव्हरदलेस' ही कोरियन मालिका २०२१ ची. जून ते ऑगस्ट, दर शनिवारी एक भाग, जेटीबीसी वाहिनीवर, आणि आपल्याकडे नेटफ्लिक्सवर. एकूण दहाच भाग. हान सो-ही (ना-बी) आणि सोंग कांग (जे-ऑन). ना-बी ही शिल्पकला शिकणारी मुलगी. पहिल्या प्रियकराने पार मोडून ठेवल्यावर प्रेमबिम काही नसतं असं ठरवून बसलेली. तिला भेटतो जे-ऑन. देखणा, सगळ्यांशी गोड, मानेवर फुलपाखराचं गोंदण. रात्री जवळ असतो, सकाळी दहाजणांत तसाच हसत असतो. 'आपण एकमेकांचे कोण?' या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर नाही.

कोरियन मालिकांच्या मोठ्या धाग्यावर हिच्याबद्दल दोन तट पडलेत. एका बाजूला 'काय सुंदर चित्रीकरण, काय ती दोघं', दुसऱ्या बाजूला 'विषारी नात्याचं उदात्तीकरण, मुलींनी पाहूच नये'. तिथे चर्चा वाहून जाते म्हणून वेगळा धागा.

माझी तक्रार चित्रीकरणाबद्दल नाही आणि विषयाबद्दल तर मुळीच नाही. नऊ भाग हे नातं ना-बीला आतून कसं पोखरतंय ते इतक्या बारकाईने दाखवलं. तिची झोप, तिचं काम, मैत्रिणींशी बोलताना अडखळणं, फोन उलटा ठेवणं आणि परत सुलटा करणं. आणि दहाव्या भागात तिला त्याच्याच हाती दिलं. माझ्या मते ही प्रेक्षकांची फसवणूक आहे. तुम्हाला पटला का शेवट? का पटला?

चाफेकळी

अजिबात नाही. ना-बीच्या आयुष्यात येणारा दुसरा मुलगा, दो-ह्यॉक, 'आवडतेस' असं तिला तोंडाने सांगतो, उत्तरासाठी थांबतो, उत्तर मनासारखं आलं नाही तरी तिच्यावर राग काढत नाही. इतकं सरळ वागणाऱ्या माणसाला मालिकेने नुसतं कडेला उभं केलं. आजोबांच्या नूडल्सच्या दुकानात राबणारा, स्वयंपाकाचे व्हिडिओ करणारा मुलगा. जगभरच्या प्रेक्षकांनी त्याला 'बटाटा मुलगा' म्हटलं ते उगाच नाही.

गारवा

+१. बटाटा कशातही मुरतो आणि पोट भरतो. माझं मत बटाट्याला.

दर्यावर्दी

मी उलट बाजूने बोलतो. जे-ऑनला 'विषारी' म्हणणं मला अति वाटतं. तो खोटं बोलत नाही. लग्नाचं, प्रेमाचं, कशाचंच वचन देत नाही. दोघं सज्ञान आहेत. ना-बी प्रत्येक वेळी स्वतःच्या पायांनी त्याच्याकडे जाते. मारहाण नाही, धमकी नाही, पाळत नाही. मग गुन्हा कोणता? तिला हवं होतं ते त्याच्याकडे नव्हतं, एवढंच ना?

शब्दवेडी

दर्यावर्दी, 'वचन दिलं नाही' हा मुद्दा कोरियन संदर्भात तपासून पाहावा लागेल, कारण तिथे नातं कधी सुरू झालं याबद्दल फारशी धूसरता नसते.

तिथली रीत अशी. आधी असतो 'सम'. इंग्रजी 'समथिंग'मधून घेतलेला शब्द. म्हणजे काहीतरी आहे, पण नक्की काय ते ठरलेलं नाही. संदेश येतात-जातात, एकत्र जेवण होतं. मग कुणीतरी 'गोबेक' करतं, म्हणजे मनातलं उघड सांगतं. त्यानंतर येतं 'साग्वीजा', चल, आपण जोडपं होऊ या. समोरच्याने होकार दिला की 'आजपासून पहिला दिवस'. हे नुसतं बोलण्यापुरतं नाही, खरोखर दिवस मोजतात. शंभरावा दिवस साजरा होतो, त्यासाठी मोबाइलवर ॲपं आहेत. त्यामुळे ते एक वाक्य उच्चारलं की नाही यावर तुमचा हक्क ठरतो. तोपर्यंत रुसायचाही अधिकार नाही.

आता जे-ऑन काय करतो बघा. जोडप्याने करायच्या जवळजवळ सगळ्या गोष्टी करतो. आजारपणात काळजी, कामात मदत, रात्री सोबत. फक्त ते एक वाक्य टाळतो. म्हणजे ना-बीकडे सगळं आहे आणि विचारायचा हक्क तेवढा नाही. वचन न देणं हाच इथे डाव आहे.

यालाही शब्द आहे : 'ऑजांग-ग्वल्ली'. शब्दशः अर्थ मासेमारीच्या क्षेत्राची देखभाल. एकाच वेळी अनेकांना आशेवर ठेवायचं, कुणाला गळाला लावायचं नाही आणि कुणाला पळूही द्यायचं नाही, दाणे मात्र टाकत राहायचं. कोरियन प्रेक्षक जे-ऑनकडे पाहतो तेव्हा त्याच्या डोक्यात हा शब्द तयार असतो. आपल्याकडे 'झुलवत ठेवणं' जवळचं आहे, पण झुलवताना समोर एकच माणूस असतो. ऑजांगमध्ये तळंभर मासे.

कोकणकडा

व्वा, 'ऑजांग' माहीत नव्हतं. मग जे-ऑनची जुनी प्रेयसी सॉल-आ आल्यावर ना-बीला जे होतं ते नुसता मत्सर नाही तर. आपण एकट्या नाही, तळ्यातल्या एक आहोत, हे तिला तेव्हा कळतं.

पण याला गॅसलायटिंग म्हणायचं का? इंग्रजी प्रतिक्रियांमध्ये तो शब्द सतत दिसतो.

कासवचाल

नाही, आणि हा फरक महत्त्वाचा आहे. गॅसलायटिंग म्हणजे समोरच्याचा स्वतःच्या डोळ्याकानांवरचा विश्वास उडवणं. 'मी असं बोललोच नाही', 'तुझ्या मनाचे खेळ आहेत', असं वारंवार सांगून तिला स्वतःची आठवण खोटी वाटायला लावणं. जे-ऑन असं करत नाही. तो माहिती रोखून धरतो. ना-बीला दिसतं ते खरंच असतं, पण त्याचा अर्थ कुणी सांगत नाही, म्हणून ती रात्रभर स्वतःच अर्थ लावत बसते. प्रत्येक खुपणाऱ्या वागण्याला एकच शब्द चिकटवला की खरं गॅसलायटिंग सोसणाऱ्यांचं बोलणं हलकं होतं.

इथे चाललंय ते निराळं आहे आणि जुनं आहे. मानसशास्त्रज्ञ स्किनर यांनी कबुतरांवर केलेले प्रयोग वाचले असतील. बटणावर चोच मारली की दाणा. दर वेळी दाणा मिळत असेल आणि तो एकदम बंद केला, तर कबुतर लवकर नाद सोडतं. पण दाणा कधी तिसऱ्या चोचीला, कधी तिसाव्या, असा बेभरवशाचा असेल, तर दाणे बंद झाल्यावरही ते कितीतरी वेळ चोच मारत राहतं. बेभरवशाचं बक्षीस सवय सर्वात घट्ट करतं. जुगाराची यंत्रं याच तत्त्वावर चालतात.

मालिकेत हे चक्र चार पावलांत फिरतं. आधी जवळीक, पूर्ण लक्ष, जगात दुसरं कुणी नसल्यासारखं. दुसरं, काही न सांगता गायब होणं किंवा चारचौघांत तिला इतरांइतकंच मोजणं. तिसरं, ना-बीचा निर्धार : बस्स, संपलं. आणि चौथं, नेमकं त्याच सुमाराला एखादी छोटी, अगदी मनापासूनची कृती. चौथं पाऊल खरं असतं, ढोंग नसतं, म्हणून ते इतकं महाग पडतं. तो पक्का नाटकी असता तर ती दुसऱ्या भागातच सुटली असती.

मैत्रिणींचा 'नंबर बंद कर आणि मोकळी हो' हा सल्ला का फसतो तेही यातच आहे. बक्षीस थांबलं की सुरुवातीला वर्तन कमी होत नाही, उलट उसळतं. कबुतर आधी जोरजोरात चोच मारतं. नातं तोडल्यावरच्या दिवसांत सर्वात जास्त आठवण येते, सर्वात जास्त वेळा फोन हातात घेतला जातो, आणि माणूस समजतो की हे खरं प्रेम असल्याचा पुरावा आहे. पुरावा कसला, ती उसळी असते. ती ओसरेपर्यंत कुणीतरी सोबत बसायला हवं. बित-ना आणि इतर मैत्रिणी सल्ले भरपूर देतात, पण नेमक्या त्या रात्री ना-बी एकटी असते.

दर्यावर्दी

कासवचाल आणि शब्दवेडी, हे पटलं. 'तो वचन देत नाही, मग गुन्हा कोणता' हा माझा मुद्दा मागे घेतो. पण 'ती स्वतःच्या पायांनी जाते' हा कायम ठेवतो. तिला कबुतर करून टाकलं की तिची स्वतःची इच्छा उरत नाही. ना-बीला शारीरिक ओढ आहे आणि ती ओढ मालिकेने लाज न बाळगता तिच्या बाजूने दाखवली आहे. कोरियन प्रेमकथांत नायिकेला अशी उघड वासना फार कमी वेळा देतात. बारा भागांनंतर एक चुंबन, तेही तिचे डोळे सताड उघडे आणि हात लोंबकळते, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय.

सायंतारा

हो, हे मान्य. आणि निवेदनही फक्त तिचं आहे. जे-ऑनच्या मनात काय चाललंय ते मालिका बराच काळ आपल्यापासूनही लपवते. म्हणजे कॅमेरा आपल्यालाही तिच्याच जागी बसवतो.

दिठी

कॅमेऱ्याचा विषय निघालाच आहे तर. पहिल्या भागात तो पेनाने तिच्या मनगटावर फुलपाखरू काढतो तो प्रसंग परत पाहा. तिथे चेहऱ्यापेक्षा त्वचा महत्त्वाची आहे. पेनाचं टोक, मनगटाची आतली बाजू, थांबलेला श्वास. बोलणं जवळजवळ नाही. वेग इतका कमी की पाहणाऱ्यालाही अवघडून जायला होतं. पुढे ही दोघं भेटतात तेव्हा उजेड, वेग, अंतर सगळं बदलतं. दो-ह्यॉकबरोबरचे प्रसंग पाहा : दिवसाउजेडी, मोकळी हवा, दोघंही पूर्ण दिसतील इतका लांब कॅमेरा.

म्हणून 'उदात्तीकरण' या आरोपात मला अर्धं तथ्य दिसतं. संवाद सांगतात की सावध हो, आणि चित्र सांगतं की जा. ना-बीची ओढ आपल्याला कळावी म्हणून चित्राने ओढून घेणं गरजेचं होतं. पण दहा भाग चित्रच जिंकत राहिलं, तर शेवटी संवादाचं कोण ऐकणार?

मातीकाम

सगळे प्रेमावर बोलताहेत, मी शिल्पावर बोलतो, कारण पहिल्या भागातला अपराध शिल्पाचा आहे.

ना-बीचा पहिला प्रियकर तिच्या देहावरून शिल्प करतो आणि तिला न विचारता प्रदर्शनात मांडतो. ती दालनात शिरते आणि समोर स्वतःलाच पाहते. लोक आधी शिल्पाकडे, मग तिच्याकडे बघतात. 'प्रियकराने फसवलं' एवढ्यावर हे भागवणं चूक आहे. मॉडेल बसवून काम करताना परवानगी एक नसते, तीन असतात. अमुक पोझमध्ये, इतका वेळ बसशील का, ही पहिली. साधारण वीसेक मिनिटं बसायचं आणि पाच मिनिटं विश्रांती, असं ठरवून घेतात, कारण त्यापुढे पाठ आणि खांदे ढळतात आणि मापं चुकतात. यावरून पक्कं काम, म्हणजे साचा आणि ओतकाम केलं तर चालेल का, ही दुसरी. आणि लोकांसमोर मांडू का, कुठे, तुझी ओळख पटेल का, ही तिसरी. पहिली मिळाली म्हणून तिसरी मिळत नाही. त्याने तर पहिलीही घेतलेली नाही.

आता एक गोष्ट, जी मालिकेने मुद्दाम आणली की नाही हा भाग सोडा, पण शिल्पकलेच्या कुठल्याही विद्यार्थ्याला दिसेल. मातीची मोठी आकृती उभी करताना आत आर्मेचर लागतं. लोखंडी पाईप किंवा सळई, त्यावर वाकवलेली तार. पण नुसत्या सळईवर ओली माती टिकत नाही. स्वतःच्या वजनाने रात्रीतून खाली सरकते, छाती पोटावर येते, हनुवटी गळ्यात उतरते. म्हणून दोन-तीन इंचांच्या लाकडी पट्ट्यांची फुली करून ती तारेने आर्मेचरला बांधतात आणि लोंबकळती ठेवतात. जिथे मातीचा जाड थर येणार तिथे अशा चार-सहा फुल्या. माती त्यांना धरून राहते. या फुलीला शिल्पकारांच्या भाषेत 'बटरफ्लाय' म्हणतात. फुलपाखरू. बाहेरून कधीच दिसत नाही, पण तेच काढून टाकलं तर सगळं खाली येतं.

चाफेकळी

मातीकाम, हे वाचून अंगावर काटा आला. नायिकेचं नावच फुलपाखरू!

मातीकाम

हो ना. आणि शिल्प कोसळण्याची कारणंही ठरलेली असतात. माती फार ओली, आर्मेचर वजनाच्या मानाने बारीक, फुल्या कमी, किंवा वरचा भाग आधी भरला आणि खालचा नंतर. याच्या उलट झालं, रोज ओलं फडकं आणि त्यावर प्लास्टिक गुंडाळायला विसरलं, तर माती सुकते, आकसते, आतली सळई मात्र आकसत नाही, मग तडे जातात. शेवटाकडे ना-बीचं शिल्प मोडतं आणि जे-ऑन दुरुस्तीला तिच्यासोबत उभा राहतो, तो भाग मला म्हणूनच खरा वाटला. प्रदर्शन तोंडावर असताना मोडलेलं काम उभं करायला दुसरे दोन हात लागतातच, आणि ते काम माहीत असलेले हवेत. दो-ह्यॉक कितीही चांगला असला तरी तिथे उपयोगाचा नव्हता. शेवट मला पटतो असं मी म्हणत नाही. पण त्याला कारण आहे.

सायंतारा

हे कारण माझ्या लक्षातच आलं नव्हतं. ती परत जाते ती एका शब्दावर किंवा स्पर्शावर नाही, एकत्र केलेल्या कामावर. तरी एक प्रश्न उरतो : रात्र-दोन रात्री मदत करणं म्हणजे बदल का? कासवचालच्या चार पावलांतलं हे चौथं पाऊलच नाही कशावरून?

कासवचाल

फरक ओळखायला एक मोजमाप आहे. चौथं पाऊल नेहमी ती निघून जायला लागल्यावर येतं. बदल झालेला असेल तर चांगलं वागणं ती जवळ असतानाही, काही गमावण्याची भीती नसतानाही टिकतं. म्हणजे तो पाहायला वेळ लागतो, काही महिने तरी. मालिका नेमकी तिथे संपते जिथून हे मोजता आलं असतं. म्हणून शेवट खरा की खोटा हे पडद्यावरून ठरवताच येत नाही. लेखिकेला नऊ भाग बिघाड दाखवायला मिळाले आणि दुरुस्तीला जेमतेम एक.

चित्रकथी

मूळ वेबटूनबद्दल (इंटरनेटवर वाचायची चित्रकथा) कुणीच बोललं नाही. ही मालिका नेव्हर वेबटूनवरच्या याच नावाच्या चित्रकथेवरून केली आहे आणि तिथला शेवट वेगळा आहे. तिथली ना-बी जे-ऑनला सोडून पुढे जाते. त्यामुळे वेबटून वाचलेल्या कोरियन वाचकांचा राग दुप्पट होता. तिथला जे-ऑन जास्त थंड आहे. मालिकेत त्याला एकटेपण दिलं, हळवे डोळे दिले आणि सोंग कांगचं हसू दिलं. एवढं मऊ केल्यावर त्याला सोडून देणारा शेवट प्रेक्षकांना क्रूर वाटला असता. मला वाटतं घोटाळा दहाव्या भागात झालेला नाही. पात्र मऊ करायचं ठरवलं त्या दिवशीच तो झाला.

गारवा

म्हणजे बटाट्याची जागा वेबटूनमध्ये तरी शाबूत आहे. बरं वाटलं.

कोकणकडा

बटाट्याचं पुढे चांगलं झालं गारवा. दो-ह्यॉक झालेला छे जोंग-ह्यॉप २०२४ मध्ये जपानी वाहिनीवर थेट नायक झाला आणि तिथे खूप लोकप्रिय आहे.

पंचनामा

थोडं अवांतर, पण संबंध आहे. कोरियन प्रेमकथांत नायकाने मनगट धरून ओढत नेणं, भिंतीला टेकवून उभं करणं, रात्री घराखाली येऊन थांबणं, हे वर्षानुवर्षं 'रोमँटिक' म्हणून चालत आलं. 'नेव्हरदलेस' २१ ऑगस्ट २०२१ ला संपली आणि बरोबर दोन महिन्यांनी, २१ ऑक्टोबर २०२१ ला, दक्षिण कोरियात पाठलागाविरुद्धचा स्वतंत्र कायदा लागू झाला. इच्छेविरुद्ध मागे जाणं, घराजवळ किंवा कामाच्या जागी थांबून राहणं, संदेश पाठवत राहणं, वस्तू ठेवणं, हे वारंवार आणि समोरच्याला भीती वाटेल असं केलं तर ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ३ कोटी वॉनपर्यंत दंड. त्याआधी हा प्रकार किरकोळ गुन्ह्यांत मोडायचा. सुरुवातीच्या कायद्यात पीडितेची इच्छा नसेल तर खटला चालत नसे, त्यामुळे तक्रार मागे घ्यायला दबाव यायचा. २०२३ मध्ये ती अट काढली.

आपल्याकडे पाठलाग हा स्वतंत्र गुन्हा २०१३ पासून, तेव्हा भारतीय दंड संहितेचं कलम ३५४ ड. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ७८. स्पष्ट नकार दिल्यावरही वारंवार संपर्क करणं आणि इंटरनेटवरच्या हालचालींवर नजर ठेवणं, दोन्ही त्यात येतं.

जे-ऑन यातल्या कशात बसत नाही हे दर्यावर्दी यांचं म्हणणं बरोबर आहे. पण तेवढ्याने नातं निरोगी ठरत नाही. कायद्याची रेघ फार खाली आखलेली असते.

निशिगंधा

सोल आणि जी-वानबद्दल कुणीतरी बोला! शाळेपासूनच्या दोन मैत्रिणी, दोघींनाही कळतंय की ही मैत्री नुसती मैत्री नाही, आणि बोलून दाखवलं तर आहे तेही जाईल ही भीती. इथेही धूसरताच आहे. पण ती भीतीतून आलेली आहे, सोयीतून नाही. दोघी एकमेकींना जपतात म्हणून गप्प आहेत. कोरियन दूरचित्रवाणीवर दोन मुलींचं नातं इतक्या साधेपणाने जोडप्यापर्यंत नेणं विरळाच. वेळ मात्र फार थोडा दिला. मुख्य जोडीच्या पाच निःशब्द नजरा कापून यांना दिल्या असत्या तरी चाललं असतं.

दिठी

अनुमोदन. आणि तिसरी जोडी, बित-ना आणि ग्यू-ह्यॉन. सुरुवात तशीच, एका रात्रीने, नाव न देता. पण ही दोघं भांडतात. मोठ्याने, तोंडावर, 'मला हे चालत नाही' असं म्हणून. तो बरोबर की ती, हा वेगळा प्रश्न. ना-बी आणि जे-ऑनमध्ये असं एक धड भांडण व्हायला किती भाग जातात ते मोजा. तिन्ही जोड्या शेजारी ठेवल्या तर मालिकेला या विषयाची जाण होती याबद्दल शंका राहत नाही.

सुपारी_फूल

कोरियात प्रेक्षकसंख्या एक-दोन टक्क्यांतच अडकली होती आणि बाहेर मात्र तुफान चालली, याचं कारण वेळ असावी का? शनिवारी रात्री अकरा, काही भागांना १९ वर्षांवरचं प्रमाणपत्र.

शब्दवेडी

वेळ आहेच, शिवाय आठवड्याला एकच भाग. बहुतेक कोरियन मालिका तेव्हा आठवड्याला दोन भाग दाखवायच्या. इथे जे-ऑन शनिवारी गायब झाला की पुढच्या शनिवारपर्यंत गायब. कासवचालचं कबुतर म्हणजे प्रेक्षकही झाले. आता सलग दोन दिवसांत पाहणाऱ्याला ना-बी मूर्ख वाटते, कारण त्याला मधले सहा दिवस सोसावे लागत नाहीत. तेव्हा दर आठवड्याला पाहणाऱ्यांनी तिला जास्त माफ केलं होतं.

सुपारी_फूल

अगदी बरोबर. आणि 'फुलपाखरू बघायला येतेस?' या वाक्याबद्दल सांगा ना. ते तिथे फार गाजलं म्हणतात.

शब्दवेडी

'नाबी बोरॉ गाल्ले?' जे-ऑनच्या घरी काचेत ठेवलेली फुलपाखरं आहेत, ती बघायला बोलावणं. कोरियनमध्ये 'रामयॉन खाऊन जातेस का?' हे रात्री घरी बोलावण्याचं सूचक वाक्य म्हणून रूढ आहे, २००१ च्या एका चित्रपटातल्या संवादावरून आलेलं. त्याच सुरात हे घडवलंय. वर 'नाबी' म्हणजे फुलपाखरू आणि तेच तिचं नाव. म्हणजे तो तिला तिलाच बघायला बोलावतो. शिवाय रस्त्यावरच्या मांजराला तिथे 'नाबीया' अशी हाक मारतात, आपण 'मनी' म्हणतो तशी. हाक मारली की येणारी. इंग्रजी उपशीर्षकांत यातलं काही पोचत नाही.

उपशीर्षकांचाच विषय आहे तर शीर्षकाबद्दलही सांगते. मूळ नाव 'आल्गो-इत्जिमान'. 'नेव्हरदलेस' हे भाषांतर त्यातला जीवच काढून टाकतं, कारण मूळ नावात 'माहीत असणं' आहे. 'आल्गो इत' म्हणजे माहीत आहे, आणि 'जिमान' हा क्रियापदाला शेवटी जोडला जाणारा प्रत्यय, पण किंवा तरी या अर्थाचा. मराठीत अगदी तंतोतंत बसतं : 'माहीत असलं तरी'. आपलंही क्रियापद शेवटी, तिचंही शेवटी, आणि 'तरी'ने वाक्य तिथेच लटकतं. मूळ शीर्षकात शेवटी स्वल्पविराम आहे. छापताना चुकून राहिलेला नाही, तो नावाचा भाग आहे. माहीत असलं तरी, आणि पुढे कोरं.

दर्यावर्दी

सायंतारा, मग तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो. फसवणूक म्हणजे एक कबूल करून दुसरं देणं. शीर्षकाने पहिल्या दिवसापासून 'माहीत असलं तरी' एवढंच कबूल केलं होतं. ना-बी शेवटी असं म्हणत नाही की आता सगळं छान होईल. परत दुखेल हे धरूनच ती होकार देते. मला शेवट आवडला असं नाही, पण तो मालिकेच्या नावाशी प्रामाणिक आहे.

चाफेकळी

नावाशी प्रामाणिक, ना-बीशी नाही. पहिल्या भागात तिच्या देहाचं शिल्प तिला न विचारता झालं. त्या मुलीला शेवटी स्वतःचं काम, स्वतःच्या नावाने, एकटीने उभं करताना पाहायचं होतं मला. प्रेम मिळो न मिळो.

मातीकाम

चाफेकळी, हे मी शंभर वेळा म्हणेन.

सायंतारा

दर्यावर्दी, 'फसवणूक' शब्द मागे घेते. शेवट न पटणं कायम. चित्रकथींचं म्हणणं मला सर्वात जवळचं वाटतं, गाठ आधीच चुकली होती.

कोकणकडा

एक व्यावहारिक प्रश्न. सोळा-सतरा वर्षांची मुलं ही पाहतातच, अडवून उपयोग नाही. सोबत बसून पाहायची तर कशी पाहावी?

कासवचाल

आधी मोठ्यांनी एकट्याने पाहून घ्या. पहिल्या भागासह काही भाग प्रौढांसाठीचे आहेत, ते सोबत पाहणं दोघांनाही अवघड होईल. पहिल्या भागातली प्रदर्शनाची गोष्ट तोंडी सांगा, ती माहीत असल्याशिवाय ना-बी कळत नाही.

मधे थांबवून प्रवचन देऊ नका, मुलं उठून जातात. भाग संपल्यावर एकच प्रश्न विचारा. 'तो वाईट आहे का?' हा प्रश्न नको, त्यावर वाद होतो आणि मुलं त्याची वकिली करायला लागतात. 'आज ना-बीचं काम किती झालं?' हे विचारा. तिचं शिल्प पुढे सरकलं का, ती नीट जेवली का, मैत्रिणींपासून काय लपवलं. नातं कसं चाललंय ते यावरून कळतं आणि हे मोजायला त्याच्या मनात शिरावं लागत नाही. मुलं पुढच्या भागापासून आपणहून मोजायला लागतात. आणि दो-ह्यॉकला आदर्श म्हणून पुढे करू नका. चांगला आहे म्हणून त्याच्यावर प्रेम करायलाच हवं, हेही एक ओझंच आहे.

गारवा

शेवटचं वाक्य बटाटाप्रेमी म्हणून जड गेलं, पण मान्य.

निशिगंधा

'काम किती झालं' हा प्रश्न सोल आणि जी-वानला लावून पाहिला. दोघींचंही काम नीट चालू असतं. परत पाहायला घेते आता, फक्त त्या दोघींचे प्रसंग.

शब्दवेडी

निशिगंधा, पाहताना एक करा. कोरियनमध्ये आपल्या तू-तुम्हीसारखं बानमाल आणि जोंदेनमाल असतं, फक्त ते मुख्यतः सर्वनामात नाही, क्रियापदाच्या शेवटी असतं. वाक्याच्या शेवटी 'यो' किंवा 'निदा', 'निक्का' ऐकू आलं तर अदबीचं, यातलं काहीच नसेल तर बहुतेक सलगीचं. उपशीर्षकं झाकून पाच मिनिटं नुसते वाक्यांचे शेवट ऐका. कोण कुणाशी किती जवळ आहे ते कानाने कळायला लागतं.

निशिगंधा

आज रात्री करून पाहते. सायंतारा, धाग्याच्या नावातही तो स्वल्पविराम टाका ना.

सायंतारा

टाकायला गेले होते, पण प्रश्नचिन्ह आधीच आहे. दोन्ही कसं बसवायचं ते बघते.